माझ्या कमरेची चक्री

मी एक जुना पुतळा आहे. चौकात उभा राहून कावळ्यांना बसायला डोकं देतो, तसला नव्हे. मला डोकंच नाही. हातही नाहीत. पाय एकच, तोही लोखंडी, आणि त्याच्या खाली तीन चाकं, त्यातलं एक कायम रुसलेलं. मी शिंप्याचा पुतळा. शिवता शिवता कपडा चढवून पाहायला लागतो ना, तो मी.

तुम्ही विचाराल, डोकं नाही तर याला दिसतं कसं, आणि मुख्य म्हणजे हा बोलतो कुठून? मित्रांनो, मी जिथे आयुष्य काढलं तिथे डोकं आणि तोंड दोन्ही असलेली माणसं पुष्कळ होती, आणि ती काही बोलत नव्हती. तेव्हा कोण कुठून बोलतो याच्या फार खोलात शिरू नका. मी थोडं वाढवून सांगतो, हे मात्र कबूल. चांगला शिंपी शिवणीच्या आत बोटभर कापड जास्तीचं ठेवतो, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. माणूस पुढेमागे जाड झाला तर उसवून कपडा मोठा करता येतो. माझ्या गोष्टीतही तेवढी माया आहे. तुम्हाला नको असेल ती आत दुमडून घ्या.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. शिंपीकाकांकडे विकतचा पुतळा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी शिंपीकाकूंना जुन्या चादरीत घट्ट गुंडाळून उभं केलं आणि वरून खळ लावलेल्या कागदाचे थर चढवले. काकूंना गुदगुल्या फार. काका उजवीकडे थर लावायला आले की त्या खुदकन हसायच्या. त्यामुळे माझी उजवी बाजू आजही जराशी फुगीर आहे. कागद वाळल्यावर काकांनी मला उभा चिरला, काकूंना बाहेर काढलं, आणि दोन्ही अर्ध्या भागांच्या मधे स्क्रूसारखा एक लोखंडी आटा बसवला. त्याची पितळी चक्री माझ्या कमरेच्या मागे. चक्री उजवीकडे फिरवली की कंबर सुटते, डावीकडे फिरवली की आवळते.

"गिऱ्हाईक आलं की तू गिऱ्हाईक हो," काका मला सांगायचे. आणि मी व्हायचो. सकाळी मी काटकुळा मास्तर असायचो, दुपारी गरोदर बाई, संध्याकाळी पोट सुटलेला वकील. एकदा एका पहिलवानाच्या कोटासाठी काकांनी चक्री इतकी फिरवली, की माझ्या आत अडकून राहिलेलं काकूंचं हसू खळ्ळकन बाहेर पडलं. पहिलवान घाबरून दुकानाबाहेर पळाला, आणि कोट तीन दिवस त्याला शोधत होता. हे सगळं तुम्ही मानलंच पाहिजे असं नाही. पण त्या दुकानात माझी कंबर रोज वेगळी असायची, एवढं माना. पुढे त्यावरच सगळं अडणार आहे.

मग तयार कपड्यांची दुकानं आली आणि गिऱ्हाइकं शिवून घ्यायची थांबली. शेवटी काकांनी मशीन, कात्र्या आणि मी असे तिघे एका रेडीमेड कपड्यांच्या कंपनीला दिले. काकूंनी जाताना माझ्या फुगीर बाजूवरून हात फिरवला. "बरं आहे, मोठ्या घरी चाललास," म्हणाल्या.

मोठं घर! मित्रांनो, हा शब्द मी पुढे इतक्या वेळा ऐकला की मला डोकं असतं तर ते दुखलं असतं.

कंपनीची इमारत काचेची होती. बाहेरून आत सगळं दिसायचं आणि आतून एकही खिडकी उघडायची नाही. मला सर्वांत वरच्या मजल्यावर नमुनाखोलीत ठेवलं. कुठल्या तरी बड्या बाईच्या अंगावर नवा झगा दिसला, की त्याचा फोटो या खोलीत यायचा. तो पाहून इथे एक नमुना शिवायचा, माझ्या अंगावर बसवायचा, आणि मग खालच्या मजल्यांवर तसेच हजारो कापायचे. आठवड्याभरात झगा दुकानात. दुसऱ्या आठवड्यात तो जुना. कापड असं, की एक शर्ट तर धुवायचं नुसतं नाव काढलं तरी आटायचा. आणि माया? तिला पहिल्या दिवशीच रजा दिली होती. शिवणीच्या आत बोटभर कापड ठेवायचं म्हणजे हजार झग्यांमागे कितीतरी कापड वाया, असा हिशेब.

पहिल्याच सकाळी कंपनीचे मालक आले. पांढरे बूट, गालावर खळी, वय असं की शाळेचं दप्तर नुकतंच खाली ठेवलं असावं. त्यांनी माझी चक्री डावीकडे फिरवायला सुरुवात केली. फिरवली, फिरवली, माझ्या आतला कागद करकरला, तरी फिरवली. कंबर सव्वीस इंचांवर आली तेव्हा थांबले. चक्रीवर चिकटपट्टी लावली आणि सगळ्यांना बजावलं, "हे आपल्या घराचं माप. याला कोणी हात लावायचा नाही."

त्या खोलीत सव्वीस कंबर एकाचीही नव्हती. मालकांचीही नव्हती. पण मी त्या दिवसापासून पोट आत ओढून उभा राहिलो, आणि माझ्या आसपास सगळेच तसे उभे आहेत हे मला हळूहळू कळलं.

कारण तिथे घराचे नियम होते. पहिला नियम, इथे साहेब नाही आणि मॅडम नाही. मालकांना दादा म्हणायचं. खोलीच्या मुख्य बाईंना मोठी ताई म्हणायचं. कापड कापणारे मास्तर पिकल्या केसांचे, नातवंडं खेळवणारे, तेही त्या पोरसवदा मालकाला दादा म्हणायचे. म्हणताना त्यांना दर वेळी घसा साफ करावा लागायचा. साहेबाला माणूस सांगू शकतो, माझी वेळ संपली, मी निघतो. दादाला कसं सांगणार? साहेबाकडे हक्काची रजा मागता येते. दादाकडे मागितली की तो दुखावतो.

दुसरा नियम खुर्च्यांचा. खुर्च्या नव्हत्या. बसलं की उत्साह बसतो, असं दादांचं मत.

शुक्रवारी सगळ्यांना गोल उभं करून मन मोकळं करायला सांगायचे. एकदा मास्तरांनी खरंच मोकळं केलं. म्हणाले, "दादा, उभं राहून पाठ फार धरते हो."

दादांचे डोळे पाणावले. "मास्तर, घरातल्या माणसाची पाठ दुखली तर घर काय करतं?"

मास्तरांना वाटलं, खुर्ची येणार. दादा पुढे आले, त्यांनी मास्तरांच्या पाठीवरून मायेने हात फिरवला, आणि गेले. पुढच्या शुक्रवारी मास्तर म्हणाले, मी फार आनंदात आहे. बटणं लावणारी मावशी त्यांच्या कानाशी पुटपुटली, "शहाणे झालात. नाहीतर या खेपेला मिठी मारली असती."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फक्त इथे तोंड दाबणारा हात फार प्रेमळ होता.

आणि सगळ्यांत मोठा नियम टाळ्यांचा. नमुना तयार झाला की तो माझ्या अंगावर चढवायचा, सगळ्यांनी भोवती उभं राहायचं, दादा फोन वर धरून चित्रण करायचे, आणि मोठ्या ताईंनी पहिली टाळी वाजवली की सगळ्यांनी हसत टाळ्या वाजवायच्या. ते चित्रण दुकानदारांना जायचं, गिऱ्हाइकांना दिसायचं. आनंदी घरात शिवलेले कपडे, अशी जाहिरातच होती. "टाळी आधी, कात्री मग," दादा म्हणायचे. "घराचा होकार असल्याशिवाय आपण एक चिंधी कापत नाही." टाळ्या मनासारख्या झाल्या नाहीत तर पुन्हा. हसू कमी पडलं तर पुन्हा. घरी जायची गाडी चुकली तरी पुन्हा. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. मला तर एकही नाही, म्हणून त्या खोलीत खोटी टाळी न वाजवलेला मी एकटाच. यात माझा मोठेपणा काही नाही, याची नोंद घ्या.

आता टाचणीबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट खरं म्हणजे तिची आहे.

टाचणी म्हणजे नमुने शिवणारी मुलगी. अंगाने बारीक आणि ओठांत कायम चार टाचण्या धरलेल्या, म्हणून मावशीने हे नाव ठेवलं. सगळे टाचण्या पुतळ्याला खुपसतात, ही मला विचारून खुपसायची. "लागलं का रे?" म्हणायची. एवढ्या वर्षांत मला असं विचारणारी दुसरी कोणी भेटली नाही. आणि तिची एकच इच्छा होती. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. आईवडील लवकर गेले, धाकटीला हिनेच वाढवलेलं. लग्नाचा झगा मी स्वतः शिवीन, असं तिने बहिणीला दोघी लहान असताना कबूल केलं होतं. दुसऱ्या गावी बहीण, इथे ही. घरी मशीन नाही, पुतळा नाही, आणि दिवसाउजेडी घरी पोचायची सोयही नाही.

तेव्हा तिने स्वतः विकत घेतलेलं मोतिया रंगाचं कापड पिशवीत घालून आणलं, आणि जेवणाच्या सुट्टीत, सगळे खाली डबे उघडायला गेले की माझ्यावर ते चढवायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी अडचण आली. बहीण होती गोलमटोल. टाचणीने लपवून आणलेल्या फोनवर तिला हळूच विचारलं, "कंबर किती धरू गं?"

पलीकडून आवाज आला, तो मलासुद्धा स्पष्ट ऐकू आला. "ताई, मापाचं मला विचारू नकोस. मी लग्नात पोटभर जेवणार आहे. जेवून झाल्यावरचं माप धर!"

टाचणी हसली. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, माझ्या चक्रीवरची चिकटपट्टी नखाने अलगद सोडवली, आणि चक्री उजवीकडे फिरवली.

मित्रांनो, काय सांगू! इतक्या वर्षांनी मी श्वास सोडला. तो इतका जोराचा होता, की छताचा पंखा उलटा फिरायला लागला आणि मास्तरांच्या टेबलावरचे कागदी साचे उडून भिंतीला चिकटले. माझी फुगीर बाजू पुन्हा फुगीर झाली. काकूंच्या मापापाशी येऊन चक्री थांबली. धाकटी बरोबर काकूंएवढी होती. सुट्टी संपायच्या आत टाचणीने झगा उतरवून पिशवीत घातला, मला पुन्हा आवळलं, आणि पट्टी जागच्या जागी चिकटवली. रोज जेवणाच्या सुट्टीत तेवढा वेळ मी माणूस, बाकी दिवसभर सव्वीस.

एके दिवशी मात्र घोटाळा झाला. झगा पिशवीत गेला आणि टाचणी चक्रीला हात लावणार, एवढ्यात मोठ्या ताईंनी दारातून हाक मारली. "टाचणी, चल लवकर, दादांना धन्यवाद म्हणायला सगळ्यांना बोलावलंय!"

"कशाबद्दल, मोठी ताई?"

"ते तिथे गेल्यावर सांगतील."

टाचणी धावली. मी मोकळाच राहिलो. परत आल्यावर नव्या पोलक्याचं घाईचं काम समोर पडलं होतं. तिने ते माझ्या अंगावर बेतलं, टाचलं, शिवलं. मास्तरांनी त्यावरून साचा काढला. कपड्यावर चिठ्ठी लागली ती सव्वीसची, कारण पुतळा म्हणजे सव्वीस, हे त्या घरात देवाइतकं नक्की होतं. मापाची पट्टी लावून बघायची कुणाला गरजच वाटली नाही. डोळ्यांनी दिसत होतं की कंबर मोठी आहे. पण डोळ्यांवर विश्वास ठेवायची तिथे सवय राहिली नव्हती. टाळ्या वाजल्या आणि पोलकी खाली कापायला गेली.

टाचणीला चूक कळली ती दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, चिकटपट्टी सोडवायला गेल्यावर. पट्टी चक्रीवर नव्हतीच. ती माझ्या पायाशी पडली होती. टाचणी पांढरीफटक पडली. तोवर पोलकी दुकानांच्या वाटेला लागली होती. मग ती हळूच माझ्या खांद्याला टेकून म्हणाली, "काढून टाकतील रे मला." आणि थोडं थांबून, "काढलं तर बरंच होईल. लग्नाला तरी जाता येईल." त्या मुलीच्या आवाजात एकाच वेळी भीती आणि आशा होती.

पण करायला गेलो एक आणि झालं भलतंच. दुकानांत पोलकी पोचली आणि झुंबड उडाली. ज्या बायांना वर्षानुवर्षं सव्वीसमध्ये एक दंडही घालता आला नव्हता, त्या सव्वीसच्या पोलक्यात शिरून आरशासमोर उभ्या राहिल्या आणि श्वासही घेऊ शकल्या. एका बाईने म्हणे आनंदाने तिथेच चार घेतली आणि नवऱ्याला सांगितलं, बघ, मी बारीक झाले. नवऱ्याने पट्टीने मोजायचा शहाणपणा केला, तेव्हापासून तो माडीवरच झोपतो.

दादा वर आले ते नाचतच. चौकशी झाली, टाचणीचं नाव निघालं. ती मान खाली घालून उभी राहिली, शिक्षेची वाट बघत. दादांनी तिचे दोन्ही खांदे धरले.

"टाचणी, आजपासून तू या घरची लेक!"

टाळ्या. चित्रण. पुन्हा टाळ्या, कारण पहिल्या वेळी लेकीच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"दादा," टाचणी म्हणाली, "मोठ्या ताईंनी कालच माझी रजा मंजूर केली आहे. बहिणीचं लग्न आहे. उद्या संध्याकाळच्या गाडीने..."

दादांचा चेहरा उतरला. "रजा? आत्ता? अगं, लोक आपल्या पोलक्यासाठी रांगा लावताहेत. लेक असं करते का?"

"सख्खी बहीण आहे, दादा."

"आणि आम्ही?"

टाचणीने मोठ्या ताईंकडे पाहिलं. मोठ्या ताईंनी माझ्याकडे पाहिलं, जणू पट्टी मीच काढली होती. रजा गेली. आगीतून फुफाट्यात पडणं मी ऐकलं होतं. हार घालून फुफाट्यात उतरवलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टाचणीने झग्याची शेवटची शिलाई घातली. तिकडे जाणारा कुणी पाहुणा सापडला तर त्याच्या हाती तरी पाठवू, असं मावशीशी बोलत होती. झगा माझ्या अंगावर होता. मोतिया रंग, कमरेत ढील, गळ्याला बारीक चुण्या, आणि शिवणीच्या आत सगळीकडे बोटभर माया. मी तुम्हाला सांगतो, काकूंच्या लग्नातही काकू इतक्या छान दिसल्या नसतील. आणि नेमके तेव्हाच दादा खोलीत आले. सुट्टीत ते कधीच येत नसत. नशीबही त्या कंपनीत कामाला असावं.

त्यांनी झगा पाहिला. माझ्याभोवती एक फेरी मारली. दुसरी मारली.

"कोणाचा फोटो पाहून केलंस हे?"

"कोणाचाच नाही. माझ्या बहिणीचा आहे."

"सुंदर! म्हणजे कोणाकडेच नाही!" दादांची खळी खोल गेली. "संध्याकाळी टाळ्या. मग मास्तर साचा काढतील. बहिणीच्या लग्नाच्या दिवशी हा प्रत्येक दुकानात टांगलेला असेल. तुझ्याकडून तिला केवढी भेट!"

"दादा, हा विकायचा नाही. हा तिच्या एकटीचा आहे."

"घरात जे शिवलं जातं ते घरचं असतं," दादा समजुतीच्या सुरात म्हणाले, आणि मोठ्या ताईंना सांगून गेले की झगा पुतळ्यावरून हलता कामा नये.

दुपारभर ती माझ्याकडे पाठ करून शिवत राहिली. मला त्या दिवशी हात असते तर मी झगा काढून तिच्या पिशवीत घातला असता. नव्हते. मी नुसता तो घालून उभा राहिलो. मित्रांनो, अडकणं म्हणजे काय हे पुतळ्याला शिकवावं लागत नाही. पण त्या दुपारी कापडाखाली मला जसं घुसमटलं, तसं सव्वीसमध्येही घुसमटलं नव्हतं, आणि या वेळी तर कंबर मोकळी होती.

दुपारच्या चहाला मावशी मास्तरांच्या टेबलापाशी गेली, तिथून मोठ्या ताईंपाशी गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मला कान नाहीत हे मी त्याच वेळी पहिल्यांदा मान्य केलं.

संध्याकाळ झाली. सगळे भोवती जमले. दादांनी फोन वर धरला. "चला, आजचा दिवस खास आहे. मोठी ताई, टाळी!"

टाळी वाजली नाही.

"मोठी ताई?"

"हातात चहा आहे, दादा," मोठ्या ताई म्हणाल्या. त्यांच्या दोन्ही हातांत कप होता. मी शेजारीच होतो, मला आत दिसत होतं. कप रिकामा होता.

"मग मास्तर, तुम्ही करा सुरुवात."

मास्तरांनी दोन्ही हातांनी मोठी कात्री छातीशी धरली होती. "धार लावून आणलीय नुकतीच. सोडली तर कुणाच्या पायावर पडायची."

"मावशी?"

मावशीच्या ओंजळीत बटणं होती, काठोकाठ. "सुटली तर रात्रभर वेचत बसावं लागेल, दादा. तुम्हीच सांगा, सोडू का?"

दादांनी खोलीभर नजर फिरवली. कुणाच्या हातात दोऱ्याचं रीळ, कुणाच्या हातात कापडाचा गठ्ठा. इस्त्रीवाल्याने तर दोन्ही हातांत दोन इस्त्र्या धरल्या होत्या, त्यातली एक तापलेली. कुणीही नाही म्हणालं नाही. नाही म्हणायची त्यांची टाप नव्हती. फक्त सगळ्यांचे हात भरलेले होते, आणि सगळे हसत होते, नियमाप्रमाणे.

दादांनी फोन खिशात घातला आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. मोठ्या खोलीत दोनच हातांचा आवाज किती केविलवाणा असतो! तीन-चार वाजवल्यावर त्यांनाही तो ऐकू आला असावा. ते थांबले.

तेव्हा टाचणी पुढे आली. तिने माझ्या अंगावरून झगा उतरवला, न घाबरता, न घाई करता, आणि घडी घालून पिशवीत ठेवला. "कापड माझं, सुई माझी, बहीण माझी," ती म्हणाली. "इथला फक्त पुतळा. तो ठेवून जाते."

दादांचा आवाज खरंच कापला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. "असं घर सोडून जातं का कुणी?"

"घर नाही सोडत, साहेब. नोकरी सोडते."

साहेब! त्या खोलीत तो शब्द पहिल्यांदाच पडला. मास्तरांचा घसा आपोआप साफ झाला. मावशीच्या ओंजळीतलं एक बटण टपकन खाली पडलं आणि घरंगळत दादांच्या पांढऱ्या बुटापाशी जाऊन थांबलं. कुणी ते उचललं नाही.

जाता जाता टाचणी माझ्यापाशी वळली. मला वाटलं, आता आवळणार. तिने माझ्या कमरेमागे हात घातला, चक्री आट्यावरून पूर्ण फिरवून काढली, आणि खिशात टाकली. "आता कोण आवळतंय बघू तुला," म्हणाली, आणि संध्याकाळची गाडी गाठायला गेली. धावतच गेली.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल आता सगळे तिच्यामागे निघाले, खुर्च्या आल्या, खिडक्या उघडल्या. मी गप्पिष्ट आहे, पण इतकी माया मलाही धरता येत नाही. दुसऱ्या दिवशी टाळ्या आदल्या दिवसापेक्षा मोठ्याने वाजल्या. मास्तरांचं घर चालायचं होतं, मोठ्या ताईंच्या मुलाचं शिक्षण व्हायचं होतं. नवा नियम आला, टाळीच्या वेळी हात रिकामे हवेत. आणि ज्याची कंबर आवळता येत नाही असा पुतळा कंपनीला काय कामाचा? मला तळघरातल्या गोदामात ढकललं. परत आलेले, न खपलेले, एका धुण्यात आटलेले हजारो झगे इथे गठ्ठ्यांत पडून आहेत. मी त्यांच्यात उभा असतो. दार बाहेरून बंद. रोज संध्याकाळी वरून, भिंतींतून टाळ्या ऐकू येतात. कधी कधी दोनदा. म्हणजे हसू कमी पडलं असणार.

मावशी मधूनमधून डबा खायला इथे येते, गठ्ठ्यावर बसते, कारण बसायला ही एकच जागा उरली आहे. तीच सांगते, दादांनी तो झगा आठवून आठवून मास्तरांकडून कापून घेतला. मास्तरांनी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. चुकून, असं ते म्हणतात. तीच सांगते, टाचणी कुठल्या तरी छोट्या दुकानात शिवते, कमी मिळतं, आणि बसून शिवते. धाकटी लग्नात दोनदा जेवली आणि झगा कुठेही उसवला नाही. आणि टाचणीच्या मशीनच्या खणात एक पितळी चक्री आहे, ती कुणाला हात लावू देत नाही.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कपडे जपून वापरा, एका धुण्यानंतर टाकून देऊ नका, ते शिवताना कुणीतरी उभं होतं. आणि कधी एखादा कपडा कमरेत घट्ट झाला, तर आरशासमोर पोट आत ओढून उभे राहू नका. मी पुष्कळ वर्षं राहून पाहिलं आहे, त्याने पोट कमी होत नाही, फक्त आवाज बंद होतो. शिवण उसवा. आत कापड नसेल तर तो कपडा तुमच्यासाठी शिवलेलाच नव्हता, मग शिवणारा स्वतःला तुमचा कोणीही म्हणवो.

वर टाळ्या सुरू झाल्या. जरा थांबतो मी, मोजू द्या. एक जोडी हात आज कमी वाटतेय.